हीटरच्या दोन पाइपांना कुणी हातच लावला नाही

दि. १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हीटरमधून गरम हवा येत नसताना चुकीचे निदान करून ब्लोअर मोटर बदलल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो आणि नोकरीसाठी रोज पहाटे गाडीने निफाडला जातो. तुमच्या इथल्या सर्व्हिस सेंटरच्या अ‍ॅडव्हायझरने हसत विचारले होते, "साहेब, नाशकात हीटर कोण लावतं?" थंडीत निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरतो, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. चांदोरीच्या आसपास धुके असले की समोरची काच आतून अशी धुरकटते की एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडके धरावे लागते. एसी लावला की काच साफ होते, पण मग कुडकुडत जायचे.

ऑक्टोबरमध्ये तुमच्याच वर्कशॉपने वॉटर पंप बदलला. थंडी पडल्यावर पहिल्यांदा हीटर लावला, तर वारा जोरात पण गारच. मी तक्रार लिहून दिली त्यात तीन गोष्टी स्पष्ट होत्या : पंख्याचा वारा चारही स्पीडला व्यवस्थित आहे, रेस दिली की क्षणभर कोमट हवा येते आणि सिग्नलला थांबले की पुन्हा गार, आणि गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागून माठातून पाणी ओतल्यासारखी गुडगुड ऐकू येते. जॉबकार्डवर मात्र एवढेच उतरले : 'हीटर नॉट वर्किंग'.

आणि बदलली काय, तर ब्लोअर मोटर! ४,८५० रुपये. वारा येत होता, मग वारा फेकणारी मोटर बदलायचे कारण काय, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही. हवा गारच राहिली. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आले की हीटर कोअर (डॅशबोर्डमागची जाळी, जिच्यातून इंजिनचे गरम पाणी म्हणजे कूलंट फिरते आणि हवा तापते) चोकअप आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, २२,४०० रुपये आणि दोन दिवस. मी गाडी घेऊन निघालो.

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रीने काय केले ते मुद्दाम लिहितो. इंजिन चांगले तापू दिले आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी पाइपांना हात लावून पाहिला. एक गरम, दुसरा जेमतेम कोमट. दोन्ही कडक गरम असते तर आतली गरम-गार हवेची झडप अडकली, असे त्याने सांगितले असते. मग माझ्याकडून गुडगुडीचे ऐकल्यावर म्हणाला, "कोअर नंतर बघू, आधी पाणी बघू." इंजिन पूर्ण निवल्यावरच त्याने रेडिएटरचे झाकण उघडले. बाहेरची बाटली मॅक्सच्या खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर आत बराच रिकामा! सर्किटमध्ये हवा अडकली होती. त्याने गाडीचे तोंड चढावर लावले, हीटर फुल गरमवर ठेवला, इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत राहिला. लिटरभर गेले. कूलंटसकट ७०० रुपये घेतले. त्या दिवसापासून हवा गरम आहे, गुडगुड बंद आहे आणि कूलंटची पातळी उतरलेली नाही.

म्हणजे वॉटर पंप बसवताना कूलंट भरले, हवा काढली नाही, आणि त्याच चुकीवर मला आणखी दोन बिले लावायला निघालात. हीटरचा प्रश्न एक वेळ सोडा. कूलंट इतके कमी असलेली गाडी मी तीन महिने चालवली. कसाऱ्याच्या घाटात इंजिन तापले असते तर हेड गॅस्केटचा खर्च कुणाच्या माथी आला असता?

माझ्या मागण्या : ब्लोअर मोटरचे ४,८५० रुपये परत मिळावेत. काढलेली जुनी मोटर दाखवावी, ती मला दिलेली नाही. वॉटर पंपाच्या कामात हवा काढली नसल्याची नोंद गाडीच्या सर्व्हिस हिस्ट्रीत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत तिन्ही बिलांच्या आणि दोन्ही जॉबकार्डांच्या प्रती जोडल्या आहेत. मोटर बदलल्यावरही गार वारा येत असल्याचा व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे, मागाल तेव्हा पाठवतो. त्यात गुडगुडही ऐकू येते.

आपला,
एक ग्राहक, नाशिक