शारजाच्या रस्त्यावर भेटलेल्या त्या तिघांचे आभार

परवा दुबईहून शारजाला येताना अल इत्तिहाद रोडवर टायर पंक्चर, ते पण मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) दहा मिनिटं आधी, रमजानात त्या टायमाला सगळे घरी पळत असतात त्यामुळे कोण थांबणार म्हणून मी नुसता इंडिकेटर लावून उभा, त्यात माझा जॅक गंजलेला (चूक माझीच). एक पठाण पिकअपवाले चाचा थांबले, दिवसभराचा रोजा असून घामाघूम होत स्टेपनी बसवली, पैसे घेईनात. तेवढ्यात अजान झाली आणि इफ्तारची पाकिटं वाटणारी दोन मल्याळी पोरं आली. खजूर, पाणी, लबनची (ताकासारखं पेय) बाटली. म्हटलं माझा रोजा नाही ओ, तर म्हणे ‘खाओ भाई’. बॉनेटवर मांडूनच खाल्लं सगळ्यांनी. नावं विचारायची राहिलीच. मनापासून थँक्यू, आणि चाचा, तुमचा पाना माझ्या डिकीत राहिलाय.