भाडेकराराची नोंदणी मालकाचीच जबाबदारी

लातूर, नांदेड, जळगावकडून नोकरीसाठी पुण्यात येणारी मुले वाकड, हिंजवडी, वाघोलीत घर शोधतात. दलाली आणि अनामत रोख मोजून घेतली जाते. करार मात्र साध्या स्टॅम्प पेपरवर, 'अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?' असे सांगून. हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची आहे. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माझ्या भाचीची अनामत 'रंगकामा'च्या नावाखाली कापली गेली. तिच्या कागदावर रंगाचा उल्लेखही नव्हता. आता तर ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, मग टाळाटाळ का?

नवख्यांना आणखी एक कळकळीचे सांगणे. रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्यावरून जाऊन घर पसंत करू नका. कामाच्या दिवशी सकाळी नऊला जा आणि वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे कोण भरतो. सोसायट्यांनीही नोंदणीकृत कराराची प्रत पाहिल्याशिवाय भाडेकरूचे सामान आत घेऊ देऊ नये.

– एक वाचक, पुणे