काका, तुम्ही आधी पाण्याचं विचारलंत

आदरणीय काका,
सा. न.

नाव छापायचं नाही अशी तुमची तंबी, म्हणून नुसतंच काका. परळीच्या औष्णिक केंद्रात बॉयलरपुढे उभी हयात काढलेला माणूस म्हटलं की ओळखणारे ओळखतीलच.

जालन्याजवळ एएसी ब्लॉकचा, म्हणजे औष्णिक केंद्राच्या राखेपासून बनवलेल्या, वाफेवर शिजवलेल्या हलक्या बांधकामाच्या ठोकळ्यांचा कारखाना टाकायचं ठरलं, तेव्हा टेबलावर यंत्रांचे चकचकीत कॅटलॉग होते. ब्लॉक उचलणारे रोबो, पॅकिंगची लाइन. तुम्ही ते बाजूला सारलेत. "पाणी कुठून आणणार? आणि परळी बंद पडली तर राख?" 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. आपल्याकडे पाणी आटलं की राखही आटते, हे कॅटलॉगवाल्याला कुठून सुचणार! राखेऐवजी आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, दळून भागेल का, तर तेही नाही. त्यात मोकळा क्वार्ट्झ (गारेतला सिलिका) नसतो, ब्लॉकला ताकद येत नाही. मग राख साठवायची टाकी, म्हणजे सायलो, मोठा झाला आणि रोबो पुढे ढकलले.

वाफेच्या दोन पाइपांवरून तर तुम्ही भांडलातच. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या बंद टाकीत, ब्लॉक साधारण 12 बार दाबाला, 190 अंशांच्या आसपास, आठ-दहा तास शिजतो. पाळी संपली की ती वाफ हवेत न सोडता शेजारच्या ऑटोक्लेव्हमध्ये घ्यायची. निथळलेलं पाणी क्षारांमुळे बॉयलरला चालत नाही, पण स्लरीला, म्हणजे ब्लॉकच्या पातळ कच्च्या मिश्रणाला, बिनधास्त चालतं. टँकरचं बिल बघितलं की तुमची आठवण येते.

ऑटोमेशन हवं ते वजनाला, हेही तुमचंच. अ‍ॅल्युमिनियम पावडर हजार भागांत एक भागही नसते, पण चुन्याशी गाठ पडली की हायड्रोजन सुटतो आणि मोल्डमधला राखाडी रबडा डोळ्यांदेखत फुगत वर येतो. जास्त पडली तर केक (फुगून घट्ट होत आलेला हा रबडा) खचतो, कमी पडली तर ब्लॉक जड. तिथे हाताचा अंदाज नकोच. मात्र तारेने कापण्याआधी केकला बोट लावून बघणारा आमचा जुना ऑपरेटर तुम्ही ठेवायला लावलात. राखेची प्रत गाडीगणिक बदलते, आणि ते स्क्रीनच्या आधी त्याच्या बोटाला कळतं. कापताना निघालेला चुरा परत स्लरीत जातो, वाया काही नाही.

गिऱ्हाईक विचारतं, हलका ब्लॉक म्हणजे भूकंपाला पक्का ना? तुम्ही सांगितलेलंच सांगतो. 1993 ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसं गाडली गेली; वजन कमी असलं की धक्क्याचा जोरही कमी बसतो, पण नुसत्या ब्लॉकवर भरवसा नको, कॉलम-बीमचं डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या. एखादं गिऱ्हाईक निघून जातं. जाऊ द्या.

आता बॉयलरला पऱ्हाटीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) लावायचा विचार आहे. कापूस आपल्या दारातच. तिची राख वितळून जाळीला चिकटते म्हणतात, तेवढं येऊन बघून जा. गाडी पाठवतो. काकूंना नमस्कार.

आपला,
ब्लॉकवाला