देशी कणसाला आर, गोड कणसाला पाणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी सहलींतल्या खाण्यावर जो लेख आला होता, त्यात मक्याच्या कणसाच्या वाट्याला जेमतेम चार वाक्ये आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कांदाभज्यांच्या पंगतीत कणसाला नेहमी मागचाच पाट मिळतो. तक्रार आहे ती त्या चारांतल्या एका वाक्याबद्दल. देशी कणीस चिवट असते, म्हणून भाजण्याआधी त्याला कुकरमध्ये दोन शिट्ट्या द्याव्यात आणि मग गॅसवर जाळी ठेवून डाग पडेपर्यंत फिरवावे, असा सल्ला लेखात दिला आहे. ज्यांनी तो मनावर घेतला असेल त्यांच्या हाती ना धड उकडलेले ना धड भाजलेले असे काहीतरी आले असणार आणि दोष मात्र त्यांनी बिचाऱ्या कणसाला दिला असणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी वाईची. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी माझे सगळे आयुष्य गेले. घरची हळद होती. अक्षय्य तृतीयेनंतर तिची लागण झाली की वडील सऱ्यांच्या कडेने मका टोकायचे. हळद आणि मका ही दोन्ही पिके खादाड, तेव्हा एकाच्या पोटात दुसरे घेऊ नये असे आता कृषितज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबरच असणार. पण वडिलांचा हिशोब वैरण जनावरांना आणि कणसे पोरांना, इतका सरळ होता. श्रावणात शाळेतून आलो की दप्तर टाकून आम्ही भावंडे थेट सरीत शिरायचो. त्यामुळे कणसाविषयी मी जे लिहिते आहे ते पाककृतींच्या वहीतून आलेले नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

मूळ घोटाळा असा आहे की ‘कणीस’ या एकाच नावाने आज बाजारात दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. देशी मक्याचा दाणा भरू लागला की त्यातल्या साखरेचे पीठ होत जाते. स्वीट कॉर्न म्हणून जो गोड मका मिळतो, त्याच्या जनुकातल्या बदलामुळे ही साखरेचे पीठ होण्याची क्रिया अडून राहते. म्हणून त्याचा दाणा पाणीदार, पातळ सालीचा आणि गोड असतो. या मक्याचे वाळलेले बियाणे कधी हातात घेऊन पाहावे: ते म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखे सुरकुतलेले असते, कारण दाणा आतून भरून काढणारे पीठच त्यात कमी असते. आता पीठ कोरड्या आचेवर खमंग होते हे भाकरी करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. उलट गोड मका आरावर धरला, तर आतला रस उडून जातो, दाणे चिमतात आणि साखर खमंग व्हायच्या आत करपते. तेव्हा देशी कणीस भाजावे आणि गोड कणीस उकडावे. दोघांना एकच वागणूक दिली की दोन्ही वाया जातात.

भाजण्याआधी निवड. मंडईत कणीस घेताना लोक भराभर सोलून पाहतात आणि सोललेली तशीच टाकून पुढे जातात. विक्रेत्याचे त्यात नुकसान होते आणि दाणाही सुकतो. सोलायची खरोखर गरज नसते. वरचे केस गडद तपकिरी झालेले, पण मुळाशी अजून ओलसर; पाला हिरवा आणि कणसाला घट्ट बिलगलेला; देठाचा काप पांढरा, ओला; आणि पाल्यावरूनच अंगठा फिरवला तर दाण्यांच्या ओळी शेंड्यापर्यंत लागणाऱ्या, एवढे पाहिले की पुरते. फारच शंका वाटली, तर शेंड्याजवळचा पाला किंचित बाजूला करून एका दाण्यावर नख रोवावे. पाणी आले तर कणीस कोवळे, दुधासारखा पांढरा चीक आला तर बेताचे, आणि नख रुतून आत नुसतेच पीठ लागले तर जून. शेंड्याला काही दाणे भरलेले नसतात, बोळके दिसते, त्याला गिऱ्हाईक नाक मुरडते. पण त्यात कीड किंवा शिळेपणा नाही. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो आणि ज्या केसावर तुऱ्यातला पराग पडला नाही, त्याचा दाणा धरत नाही, इतकेच. (दाण्यांच्या ओळी मात्र नेहमी सम संख्येत भरतात, १२, १४ किंवा १६. नातवाशी पैज लावून मी त्या मोजून घेते आणि अजून एकदाही हरलेली नाही.)

ताजेपणाबद्दल एक सांगायलाच हवे. खुडल्या क्षणापासून कणसाची गोडी उतरू लागते आणि उन्हात ती फार लवकर उतरते. पोत्यात कोंबलेली कणसे आपल्याच उबेने आतून तापतात. पोत्यात हात घातला तर कळते. म्हणून सकाळी खुडलेले कणीस संध्याकाळी खावे, आणि ठेवायचेच झाले तर पाल्यासकट फ्रीजमध्ये ठेवावे. सोलून ठेवलेले कणीस मी फुकट मिळाले तरी घेत नाही.

आता भाजणे. आईच्या भाकऱ्या आटोपल्या की ती चुलीतला आर पुढे ओढायची आणि मागे जो ऊन फुफाटा उरायचा, त्यात पाल्यासकट कणसे पुरायची. वरची राठ पाने काढलेली, आतली तीनचार ठेवलेली. साधारण पाव तासाने चिमट्याने ओढून काढली की बाहेरची पाने कोळसा झालेली असत, आणि ती उलगडताना आतून जी वाफ यायची तिला धुराचा, ओल्या पाल्याचा आणि गरम दुधाचा असा तिन्ही मिळून एक वास असे. मग ते उघडे कणीस दोन मिनिटे नुसत्या आरावर धरायचे. हुरड्याची आगटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

घाईची रीत म्हणजे थेट आरावर भाजणे. यात पाला तोडून टाकू नये, मागे उलटवून त्याचीच मूठ करावी, म्हणजे हात भाजत नाही. कोळशावर राखेची पांढरी साय धरली पाहिजे आणि ज्वाळ अजिबात नको. ज्वाळेने दाणा वरून काळा होतो आणि आत कच्चाच राहतो. कणीस आरापासून चार बोटे वर धरून थोडे थोडे फिरवत राहावे. आधी दाण्याचा रंग गडद होतो, मग त्यावर तकाकी येते, मग इकडेतिकडे तपकिरी ठिपके उमटू लागतात. एखादा दाणा तडकून उडाला की समजावे, आता पुरे. आठदहा मिनिटांच्या वर हे काम जात नाही. गाडीवाले पुठ्ठ्याने सारखा वारा घालतात ते गिऱ्हाइकाच्या घाईपोटी. त्याने ठिणग्या उडून पोरे खूश होतात, पण कणीस करपते.

शहरात आर कुठला, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला उत्तर कुकर नव्हे. बिडाचा जाड तवा चांगला तापवावा, सोललेले कणीस त्यावर कोरडेच ठेवून वर झाकण घालावे आणि मधूनमधून फिरवत सातआठ मिनिटे मध्यम आचेवर ठेवावे. दाण्यातल्या स्वतःच्या ओलाव्याच्या वाफेवर ते शिजते. मग झाकण काढून मिनिटभर थेट गॅसच्या ज्वाळेवर फिरवून डाग पाडावेत. धुराचा वास येणार नाही, हे मान्य. पण आधी उकडून पाणी प्यायलेल्या कणसापेक्षा हे दसपट बरे, कारण उकडलेले कणीस आचेवर धरले की बराच वेळ त्याच्या अंगचे पाणीच सुटत राहते आणि ते सुटेपर्यंत दाण्याची साल चामड्यासारखी होऊन बसते. लेखात ज्या चिवटपणाचा उल्लेख आहे, तो मला वाटते इथूनच आला असावा.

मीठ, तिखट आणि लिंबू या त्रिकुटाबद्दल नवे काय सांगायचे, असे वाटेल. पण त्यातही क्रम चुकतो. बहुतेक ठिकाणी आधी लिंबू पिळतात आणि वरून तिखटमीठ भुरभुरवतात, ते अर्धे ताटात पडते. आईची रीत अशी होती की वाटीत दोन भाग मीठ आणि एक भाग तिखट एकत्र करायचे, त्यात भाजून कुटलेल्या जिऱ्याची चिमूट टाकायची, कागदी लिंबू आडवे कापून त्याची फोड त्या मिश्रणात दाबायची आणि मग ती कणसावर देठाकडून शेंड्याकडे चोळत न्यायची. लिंबू चोळता चोळता किंचित पिळायचे, म्हणजे रस ओळींच्या फटीत उतरतो. हे सगळे कणीस आरावरून उतरल्याबरोबर झाले पाहिजे. दाणा गरम असतो तोवर रस लगेच आटतो आणि मीठ दाण्याला धरून राहते, शिवाय तिखटाचा कच्चा वास मरतो. थोड्या वेळाने चोळाल तर हाताला ओघळ येतील, एवढेच. तिखट ब्याडगीचे घेतले तर रंग येतो, संकेश्वरीचे घेतले तर डोळ्यांत पाणी येते. मी दोन्ही निम्मे निम्मे घेते.

चाट मसाल्याचे मला काही केल्या पटलेले नाही. त्यात आमचूर असते, वर लिंबूही असते, म्हणजे आंबटावर आंबट. आणि पादेलोणाचा वास एवढा दांडगा की खाली मका आहे की काकडी, तेही कळू नये. त्याऐवजी कारळ्याची चटणी एकदा लावून पाहावी. गरम कणसावर तुपाचे बोट फिरवायचे आणि वर चटणी दाबून बसवायची. लिंबाची गरजच भासत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा लावायचा असेल, तर तो घरच्या लोण्यात कालवून लावावा, कारण मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, आणि मग तो जिभेच्या एकाच जागी न बोचता सगळीकडे सारखा पसरतो. लसूण मात्र कणसावर कच्ची नको.

गंमत अशी की ज्या मेक्सिकोच्या भूमीत मका आणि मिरची दोन्ही माणसाने पहिल्यांदा लागवडीत आणली, तिथल्या रस्त्यांवरही कणीस तिखट आणि लिंबू लावूनच विकतात, भर म्हणून अंगाला मेयोनेज फासून वर किसलेले चीज. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि लिंबू आपल्या बाजूच्या आशियातून तिकडे गेले. मेयोनेज तेवढे मी घेणार नाही.

गोड कणसाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचे करण्यासारखे फारसे काही नसते. पाण्याला आधी खळखळून उकळी येऊ द्यावी, त्यात कणसाची आतली दोनतीन कोवळी पाने टाकावीत, मग कणीस सोडून चारपाच मिनिटांत बाहेर काढावे. मीठ नंतर. लोणी आणि भरड मिरपूड एवढे त्याला पुरे होते. तिखट आणि लिंबू त्याच्या गोडीशी भांडतात, असे माझे मत आहे. कुकरचे त्याच्याशीही जमत नाही, दाणे फुटतात.

जून कणीस घरात आलेच, तर ते भाजण्याच्या फंदात पडू नये. जाड चकत्या करून शेंगदाण्याच्या कुटाच्या, गोडा मसाला घातलेल्या आमटीत त्या सोडाव्यात आणि दाणे मऊ होईपर्यंत धीर धरावा. चकती हातात धरून रस चोखत खाणे हाच त्यातला आनंद असल्यामुळे पाहुण्यांपुढे हा पदार्थ ठेवू नये. कीस करायचा असेल, तर कणीस मात्र चिकातलेच हवे. ते किसणीवर किसून तुपाच्या फोडणीत, दूध घालून शिजवलेला कीस इंदुरात सराफ्यातही मिळतो आणि तिथल्या मराठी घरांतूनही होतो. माझी आतेबहीण तिकडे दिलेली, तिच्या हातचा कीस तूप सुटेपर्यंत परतलेला असे आणि त्यासाठी ती अर्धा तास कढईपासून हलत नसे.

शेवटी हे पत्र लिहिण्याचे निमित्त सांगते. गेल्या पंधरवड्यात घाटात एका गाडीवर थांबलो. कोळशाची शेगडी चांगली फुललेली होती, लिंबेही रसाळ होती, आणि शेजारी पातेल्यात पिवळीधमक गोड कणसे गरम पाण्यात तरंगत होती. मागणी आली की त्यांतलेच एक उचलून आरावर धरायचे. देशी नाही का, असे विचारल्यावर गाडीवरची बाई म्हणाली, “काकू, शेतात हाय की, पण पुण्या-मुंबईची माणसं ते घेत न्हाईत, चिवट लागतं म्हणत्यात.” तिचे काही चुकत नव्हते. शेत तिच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर होते, त्यात देशी मका केस वाळवून उभा होता आणि तो बहुधा गुरांपुढे जाणार होता.

तेव्हा विनंती एवढीच, की तो लेख आपल्या संकेतस्थळावर असेल तर त्यातल्या त्या दोन शिट्ट्या कृपया काढून टाकाव्यात. पावसाचे अजून पाचसहा रविवार हाताशी आहेत आणि घाटात गाड्या लागलेल्या आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, वाई (जि. सातारा)