ताइताय, तो तंग सैल झालाच नव्हता

आदरणीय ताइताय,

पहिल्याच भेटीत तुम्ही मला ‘मामाय’ म्हणालात आणि मी तुम्हाला ‘ताइताय’ म्हणू लागले. आमच्याकडे अनोळखी वडीलधाऱ्यांना काका किंवा बाबा म्हणतात, तशीच ही पेरूतल्या डोंगराळ भागातल्या केचुआ भाषेतली हाक आहे, हे मला नंतर समजले. तुमच्या परवानगीशिवाय तुमचे नाव येथे लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

कुस्कोतल्या ज्या कंपनीने माझ्याकडून आणि माझ्या मैत्रिणीकडून वाटाड्याचे व खेचरांचे सगळे पैसे आगाऊ घेतले होते, तिचे कोणीही त्या सकाळी काचोरा गावात फिरकले नाही. फोनवर आधी ‘निघाले आहेत’, मग ‘उद्या येतील’ आणि शेवटी ‘त्यापेक्षा रेल्वेने माचू पिक्चूला जा, तुमच्या वयाला तेच बरे’ असे उत्तर मिळाले. पैशांचे दुःख आता उरलेले नाही, परंतु ते शेवटचे वाक्य अजून सलते, कारण मी 57 वर्षांची असले तरी गेली 30 वर्षे सह्याद्रीत चालत आले आहे आणि चोकेकिरावला पायी जायचे, हे मी फार पूर्वीच ठरवले होते. जिथे आजही ना रेल्वे पोहोचते ना मोटार, अशा त्या इंका नगराकडे जाणारी वाट आम्ही सोडून द्यायच्या बेतात असताना तुम्ही तुमची दोन खेचरे घेऊन समोर उभे राहिलात.

कापुलियोकच्या खिंडीपासून आपुरिमाक नदीवरच्या पुलापर्यंत सुमारे 1,400 मीटर उतरायचे आणि पलीकडे माराम्पाता वस्तीसाठी जवळजवळ तितकेच पुन्हा चढायचे, हे मी वाचलेले होते. प्रत्यक्षात त्या उतारानेच माझा उजवा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी चढ सुरू होताना खेचरावर बसा, असे तुम्ही एकदा सुचवलेत आणि मी नको म्हटल्यावर तो विषय पुन्हा काढला नाहीत. त्यानंतर मात्र वाटेच्या प्रत्येक वळणावर तुम्ही थांबू लागलात. खोगिराचा तंग सैल झाला आहे, असे माझ्याकडे न बघताच सांगायचे, वाकून खेचराच्या पोटाखाली हात घालायचा, पट्टा सोडायचा, पुन्हा ओढायचा, आणि माझा श्वास जागेवर आला की निघायचे. सातव्या की आठव्या वळणावर मी अगदी जवळच्या दगडावर टेकले, तेव्हा दिसले की त्या चामड्यावर एकाच भोकापाशी घासून काळी पडलेली घडी होती आणि प्रत्येक वेळी पट्टा नेमका त्याच घडीवर येऊन बसत होता. खेचरालाही ते कळले असावे, कारण ते मान वळवून बघेनासे झाले होते.

थकलात का, जमेल का, असे तुम्ही एकदाही विचारले नाहीत. मदत करणारी माणसे मला आयुष्यात पुष्कळ भेटली, परंतु समोरच्याला आपण मदत घेतो आहोत याची लाज वाटू नये म्हणून स्वतःच्या खेचराला आणि स्वतःच्या गाठीला दोष देणारा माणूस मी प्रथमच पाहिला. असा चांगुलपणा शिकवून येत नसावा. तो घरात पाहिलेला असावा लागतो.

चोकेकिरावला पोहोचल्यावर कोकाची तीन पाने बोटांत जुळवून तुम्ही समोरच्या शिखराच्या दिशेने हलकी फुंकर घातलीत आणि तशीच तीन पाने माझ्याही हातात दिलीत. नंतर त्या उभ्या पायऱ्यांवरून माझा हात धरून तुम्ही मला खालच्या शेतबांधांपर्यंत नेलेत, जिथे करड्या दगडांच्या भिंतींत पांढरे दगड बसवून वीसहून अधिक लामा घडवलेले आहेत. 1572 मध्ये स्पॅनिशांनी विल्काबाम्बाचे शेवटचे इंका राज्य संपवले, हे मी पुस्तकात वाचले होते. ओझे वाहणाऱ्या जनावरांना इतक्या मानाने भिंतीत जागा देणारी माणसे कशी असतील, याचा अंदाज मात्र मला तुमच्याकडे बघून आला.

परतल्यावर तुम्ही ठरलेल्या रकमेपेक्षा एक सोलही अधिक घेतला नाहीत. म्हणून माथेरानच्या एका ओळखीच्या घोडेवाल्याकडून मी रुंद नवारीचा, दुहेरी शिलाईचा एक तंग करून घेतला आहे. येत्या मे महिन्यात आमच्या गटातला एक मुलगा त्याच वाटेने येणार आहे. तो तंग आणि या पत्राचे स्पॅनिश भाषांतर त्याच्याकडे दिले आहे. त्याचा चालण्याचा वेग चांगला आहे, परंतु पुलानंतरच्या चढावर त्याच्यासाठीही दोन-चार वेळा थांबावे, ही विनंती.

तुमची,
मामाय