चुळीचं पाणी आणि मिसरीची डबी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगून बघितलं, पण मध्येच कुकरची शिट्टी होते, नाहीतर आई "बरं बरं, तू जेवलीस का?" म्हणत विषय मोडते. म्हणून लिहायला बसले. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत आईला वाचता येणार नाही, तेव्हा तुम्हीच मोठ्यानं वाचा. आणि शेवटचा भाग गाळायचा नाही.

आधी तुमचं. नातू "आजोबा, तोंडाला वास येतो" म्हणाला आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी कराडला जाऊन चूळ भरायच्या औषधाची निळी बाटली घेऊन आलात. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं तुमचं म्हणणं. तसं नसतं हो. तुम्ही फोटो पाठवलात त्यात बारीक अक्षरांत अल्कोहोल लिहिलंय. गळ्यात तुळशीची माळ आणि सकाळ-संध्याकाळ ही चूळ! चेष्टा सोडा, पण तुमची ती लघवी जास्त करणारी बीपीची गोळी आहे ना, तिनं तोंड कोरडं पडू शकतं. लाळ कमी झाली की तोंड आतून धुतलं जात नाही, जंतू माजतात आणि वास सुटतो. त्यात अल्कोहोलनं कोरड आणखी वाढते. म्हणून बाटली बंद. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

त्याऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा ढवळायचा आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरायची. तोंडातला आंबटपणा सोड्यानं मरतो, झोंबत नाही. मिठाचंही चालतं, प्रमाण तेच. फक्त गिळायचं नाही. मीठ काय, सोडा काय, दोन्ही बीपीला वाईट.

वासासाठी आईच्या डब्यातला ओवा काढा. लहानपणी ओव्याचं फूल चिमटीत धरून तू हुंगायला द्यायचीस, आठवतं? त्यालाच इंग्रजीत थायमॉल म्हणतात, आणि दुकानातल्या कितीतरी बाटल्यांत तेच असतं. दोन पेले पाणी, चमचाभर ओवा, तीन-चार लवंगा. पाच-सात मिनिटं उकळू द्या, गाळा, कोमट झालं की वापरा. घरच्या पाण्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं, त्यामुळे रोजचं रोज करा. आई उरलेलं आठवडाभर झाकून ठेवील, मला माहीत आहे. तसं करू नकोस. लवंगेचं तेल घालून ते कडक करायच्या भानगडीतही पडू नका, नुसतं तेल हिरडीला भाजतं. आणि शेजारच्या काकू लिंबू पिळायला सांगतात ते अजिबात नको, आंबटानं दातांचं वरचं कवच झिजतं.

परड्यातल्या पेरूचीही चार पानं उकळून बघा, हिरड्या सुजल्या असतील तेव्हा त्या तुरट पाण्यानं बरं वाटतं. हळद नको. बाबांची वरची कवळी पिवळी होईल. हो, आणि कवळी रात्री साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक करायला जाऊ नका, आकार बिघडतो.

खालचे दात तुमचे स्वतःचे आहेत, त्यांना पेस्ट लावून झाली की लगेच चुळा भरत बसू नका, नुसतं थुंका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं. आणि जीभ खरवडायची ती तांब्याची पट्टी कुठं गेली? निम्मा वास तिच्या मागच्या भागात दडलेला असतो.

आता आई. बाबा, वाचताय ना?

तू म्हणालीस, "मीपण ओव्याच्या पाण्यानं चूळ भरीन, मग मिसरीचा वास राहणार नाही." अगं, वासाचं कुणाला पडलंय? माझ्या वेळच्या बाळंतपणात दाढ दुखली म्हणून आजीनं तुला मिसरी लावायला दिली, तेव्हापासून तव्यावर भाजलेली ती तंबाखू रोज तुझ्या हिरडीवर आहे. म्हणजे माझ्याच वयाची. दिवाळीत तू हसताना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. परवा विचारलं तर म्हणालीस, "आहे अजून, दुखत नाही काही." न दुखणाराच आधी दाखवायचा असतो आई. दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा डॉक्टरांनी बघितलाच पाहिजे, आणि तो ना ओव्यानं जाईल, ना पेरूच्या पानानं, ना मिठानं. चूळ भरून तोंड स्वच्छ होतं, एवढंच तिचं काम.

मिसरी एकदम सुटणार नाही, डोकं दुखेल, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही अशी तुझी तक्रारही येईल. सकाळची डबी उघडायच्या वेळी लवंग तोंडात धर. बाबांवर ओरडलीस तरी चालेल, ते सहन करतील.

मी शनिवारच्या सकाळच्या एस.टी.नं निघते. कराडच्या दातांच्या डॉक्टरांकडे दुपारी दोघांचा नंबर लावलाय, बाबांची कवळी टोचते म्हणून आणि तुझ्या चट्ट्यासाठी. आधी तुला आत पाठवणार आहे. लुगडं कुठलं नेसायचं ते आजच काढून ठेव, म्हणजे ऐन वेळी तेवढंच निमित्त नको.

तुमची,
बेबी