कुंपण कोपऱ्यातून पडतं, आणि आपण विचारतो फक्त फुटाचा भाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर तार कंपाउंडवर माहिती आली होती, तार किती पदरी घ्यायची, गेज कोणता, जाळी की काटेरी, एकरी अंदाजे खर्च किती. माहिती चांगली होती, पण खांबाबद्दल एकच ओळ, की मजबूत लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी) वापरावेत. आता मजबूत म्हणजे काय हो? माझं तालुक्याच्या रोडला छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, 22 वर्षं झाली, गेट, ग्रील, शेड आणि उन्हाळ्यात निव्वळ कंपाउंडचे अँगल, तर या एका ओळीवरच लोकांचे पैसे मातीत जाताना मी दर वर्षी पाहतो म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण कोपऱ्याचा भाग ठेवा.

दिवाळीनंतर एक शेतकरी मोटरसायकलवर एक वाकलेला अँगल बांधून घेऊन आला, म्हणे भाऊ सरळ करून द्या. खांब बरोबर जमिनीच्या रेषेत वाकलेला, आणि नुसता वाकलेला नाही तर पिळलेला, ओला टॉवेल पिळतो तसा. हातात घेतला तेव्हाच हलका वाटला म्हणून काट्यावर ठेवला, 5 किलो 800 ग्रॅम. बिलावर 40-5 चा अँगल लिहिलेला, म्हणजे 40 बाय 40 मिलिमीटर आणि 5 ची जाडी. त्याचं वजन मीटरला 3 किलो बसतं, 8 फुटी खांब म्हणजे 2.44 मीटर, तो 7 किलो 300 च्या आसपास यायला पाहिजे. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर जाडी 4 मिलिमीटर. आता रोलिंगमध्ये, म्हणजे मिलमध्ये लोखंड लाटताना, थोडं कमीजास्त चालतं हे आम्हालाही माहीत आहे, पण खांबामागे दीड किलो म्हणजे काही रोलिंग नाही. चौकोनी एकराचा घेर साधारण 835 फूट येतो, 10 फुटावर एक खांब धरला तर 84 खांब, म्हणजे एकरामागे सव्वाशे किलो लोखंड बिलात आहे आणि वावरात नाही. किलोचा भाव तुम्हीच लावा. कोणत्या दुकानातून घेतला ते लिहीत नाही, एकाचं नाव घेऊन काय होणार.

पण खरं सांगू का, त्याचं कुंपण पडलं ते खांब पातळ होता म्हणून नाही. मी संध्याकाळी त्याच्या वावरात जाऊन आलो. मधले खांब बहुतेक उभेच होते, चारपैकी तीन कोपरे आत झुकले होते, तार सैल पडली होती आणि सैल तारेतून रानडुकरं आत शिरून तुरीत नुसता धिंगाणा. मग सैल तार कुणीतरी मधल्याच एका खांबाला पिळून घट्ट बांधली, तो वाकला, आणि तोच माझ्याकडे आला. म्हणजे आजार एकीकडे आणि दवाखान्यात आणला दुसऱ्यालाच.

मधल्या खांबाचं काम फक्त तार उंचीवर धरून ठेवायचं, ओढ सगळी कोपऱ्यावर येते, आणि हेच लोकांना कुणी सांगत नाही. हिशोब करून बघा. 5 पदरी तार, प्रत्येक पदराला 50 किलोची ओढ धरली, आमचे पोरं चेन पुली लावून याच्यापेक्षा जास्तच ओढतात, तर झाली 250 किलो. ती सरासरी पाऊण मीटर उंचीवर लागते, म्हणजे बुडाशी वाकवणारा जोर 187 किलो गुणिले मीटर (किलोमीटर नव्हे, एका गिऱ्हाइकाने खरंच तसं वाचलं होतं). आता 50-6 चा अँगल, जो सगळे "हेवी" म्हणून घेतात, तो साध्या लोखंडात 92 च्या आसपास सोसतो आणि मग वाकतो. म्हणजे हेवी अँगलसुद्धा कोपऱ्यात एकटा उभा केला तर गरजेच्या निम्माच आहे. 40-5 चा तर पाव. नुसता जाड अँगल घेऊन कोपरा उभा राहत नाही, त्याला टेकू लागतोच, आणि दोन्ही बाजूच्या तारेच्या ओळीत एकेक, असे दोन.

टेकू म्हटलं की लोक काय करतात, एक उरलेला तुकडा घेतात, खांबाला जवळून लावतात, अगदी उभा, कारण लांब टेकूला अँगल जास्त लागतो. असा उभट टेकू ओढ आली की खांबाला जॅकसारखा वर उचलतो, फाउंडेशनसकट. टेकू 45 अंशात पाहिजे, खांबाच्या वरून साधारण एक तृतीयांश खाली येऊन भिडलेला, त्याच्याही बुडाला काँक्रीट पाहिजे, आणि तो तार ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला पाहिजे. काही जण बाहेरून धुऱ्याकडून (बांधाकडून) लावतात, तिकडून तो खांबाला टेकवत नाही, उलट त्याच्यावरच ओढ येते आणि तो मातीतून उपसून येतो. सरकारी कामात सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, दरसूचीत हे आधीपासून लिहिलेलं आहे, दर 15 व्या खांबाला, कोपऱ्याला आणि शेवटून दुसऱ्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू. सरकारी कागदात एवढं शहाणपण आहे आणि आपण शेतात ते वाचवतो!

आणि लोखंड किती जास्त लागतं म्हणाल तर कोपऱ्याला 9 फुटी 50-6 चा खांब घेतला तर साध्या खांबापेक्षा 5 किलो जास्त, वरून 7 फुटाचे दोन टेकू 40-5 चे, ते 13 किलो. कोपऱ्यामागे 18, चारही कोपरे मिळून 72 किलो. वरचे सव्वाशे किलो आठवा.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला खूप उशिरा कळली. आपल्याकडे कंपाउंड होतं मे महिन्यात, वावर मोकळं असतं, हातात थोडा पैसा असतो, 45 डिग्रीत पोरं तार ओढून वीणेसारखी वाजवून दाखवतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या आसपास येतो. 35 डिग्रीच्या फरकाने 100 मीटर लोखंडी तार 4 सेंटीमीटरच्या वर आखडते, आणि तिला आखडायला जागा नसते म्हणून ती कोपऱ्याला ओढते. कोपरा झुकतो तो थंडीत, आणि शेतकऱ्याला वाटतं डुकराने धडक मारली. म्हणून मे मध्ये तार जरा हात राखून ओढायची, आणि मधल्या खांबांना बायंडिंग तारेने सैलसर बांधायची, ती खांबावरून थोडी सरकली पाहिजे. गच्च आवळायची ती फक्त कोपऱ्यात आणि गेटच्या खांबाला.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्याच्याच सांगणं बरं नाही. 2009 च्या आसपास साळ्याच्या वावरात मीच कंपाउंड केलं, घरचंच काम, टेकू बिकू सगळं व्यवस्थित दिलं. खड्डा मात्र एक बाय एक फूट आणि दीड फूट खोल, कारण मुरमाड जमिनीत तेवढा पुरायचा. वावर होतं काळ्या कन्हारीचं. दोन पावसाळे गेले आणि कोपऱ्याचा खांब हाताने हलवला तर हिरडीतला दात हलावा तसा काँक्रीटच्या गोळ्यासकट हलायला लागला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडून भेगा पडतात, काँक्रीटच्या भोवती बोट जाईल एवढी फट पडते, पुढच्या पावसात माती परत फुगून गोळ्याला चिमटीत धरून वर ढकलते, आणि दर वर्षी थोडा थोडा करत तो वर येतो. साळा काही बोलला नाही, पण सासूबाई बोलल्या. तेव्हापासून काळ्या मातीत कोपऱ्याचा खड्डा 3 फूट, वर अरुंद आणि खाली रुंद, माठासारखा, म्हणजे माती वर ढकलायला गेली तरी बुडाचा फुगा अडकतो. खांबाच्या टोकाला फूटभराचा आडवा तुकडा वेल्डिंग करून देतो, नाहीतर अँगलचं टोक चिरून दोन्ही पाय बाहेर वाकवतो. आणि वरचं काँक्रीट जमिनीच्या वर 2-3 इंच आणून त्याला उतार देतो, पाणी खांबाच्या बुडाशी थांबायला नको.

कारण खांब सडतो तो बरोबर तिथेच. खाली खोलवर तेवढा गंजत नाही, वर उन्हात वाळतो, जमिनीच्या रेषेवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि वाकण्याचा जोरही नेमका तिथेच सगळ्यात जास्त. रेड ऑक्साईडचा एक हात आणि वर सिल्वर कलर मारून "जीआय अँगल", म्हणजे गॅल्वनाइज केलेला, म्हणून विकणारे आहेत. थिनरमध्ये बुडवलेलं फडकं घासा, चंदेरी रंग फडक्याला आला तर तो पेंट. खरं गॅल्वनाइजिंग म्हणजे 450 डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं, आयएस 4759 या भारतीय मानकाप्रमाणे 5 मिलिमीटर आणि वरच्या मालाला चौरस मीटरला 610 ग्रॅम जस्त बसायला पाहिजे. पण त्यात एक अट, होल, तुकडे, वेल्डिंग सगळं आधी आणि बुडवणं शेवटी. जीआय आणून मग वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं, तो धूरही वाईट, आमच्या एका पोराला दिवसभर असं काम केल्यावर रात्री थंडी वाजून ताप आला होता, आम्हाला वाटलं मलेरिया. ज्याला गॅल्वनाइजिंग परवडत नाही त्याने निदान जमिनीच्या खाली-वर सहा सहा इंच डांबराचा पट्टा मारावा, स्वस्त आहे, दिसायला वाईट आहे, टिकतं.

आकाराबद्दल. अँगल आपण वापरतो कारण तो मिळतो, होल मारायला सोपा, भंगारातही विकला जातो. पण ताकदीच्या हिशोबाने तो काही खास नाही, एक बाजू उघडी, तार एका पाखीवर बांधलेली, म्हणून तो वाकताना पिळतो. दीड इंची पाइप, बाहेरून 48.3 मिलिमीटर आणि जाडी 2.9 चा, वजनाला 40-5 च्या अँगलपेक्षा थोडासाच जड, मीटरला सव्वातीन किलो, आणि वाकण्याला ताकद दुपटीपेक्षा जास्त, शिवाय कुठूनही ढकला सारखाच. कोपऱ्याला आणि गेटला मी आता पाइपच सांगतो. फक्त वर झाकण वेल्डिंग करा नाहीतर पाइप म्हणजे पावसाचं पाणी भरायचा तांब्या, आतून सडतो आणि बाहेरून चकाचक दिसतो. आणि तो बुडवायला पाठवायचा असेल तर आधी छिद्र ठेवा, दोन्हीकडून बंद पाइप गरम जस्तात गेला की आतली हवा आणि वाफ कोंडून फुटतो. अमेरिकेत टी आकाराचा खांब चालतो, फुटाला 1.33 पौंड, म्हणजे मीटरला 2 किलोच्या आतच, पाठीवर तार अडकवायला गुट्ट्या आणि बुडाला पातं, खड्डा नाही काही नाही, ठोकला की झालं. ऑस्ट्रेलियात तीन पाकळ्यांचा, वाय सारखा. काटेरी तारेचं पेटंट ग्लिडन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याला 1874 मध्ये मिळालं, दीडशे वर्षं झाली, आणि आपण अजून शेडच्या अँगललाच होल पाडून कुंपण करतोय. आपल्या रोलिंग मिलवाल्यांनी कुंपणासाठीच म्हणून एखादा आकार काढायला काय हरकत आहे.

होलचं पण तसंच. गिऱ्हाईक सांगतं पाच होल मारा सारख्या अंतरावर, म्हणजे दिसायला छान. डुक्कर सहसा उडी मारत नाही, ते नाक घालून खालून उचलतं. पहिलं होल जमिनीपासून 4 इंचावर, दुसरं 9-10 वर, आणि मग वर जाताना अंतर वाढवा. रोहीसाठी (नीलगायीसाठी) उंची लागते तो वेगळा विषय, रोही साडेचार फूट सहज मारतो. तार बाहेरच्या अंगाला बांधा, जनावर ढकलेल तेव्हा तार खांबावर दाबली जाईल, आतून बांधली तर सगळा जोर बायंडिंग तारेवर.

एक नाजूक गोष्ट. दर हंगामात कुंपणात सोडलेल्या करंटने माणूस गेल्याची बातमी तुमच्याच पेपरात येते. लोखंडी खांबाच्या कुंपणाला लाईनचा करंट देणं म्हणजे सगळा धुरा जिवंत करणं, ते गुन्हा तर आहेच, पण रात्री जागलीला निघालेला शेजारीच त्यात जातो. सोलरचं झटका मशीन वेगळं, त्यात करंट क्षणभराचा असतो, पण लोखंडी खांबावर ते लावायचं तर प्रत्येक खांबाला इन्सुलेटर पाहिजे, नाहीतर झटका जमिनीत जातो आणि डुक्कर आरामात आत. माझ्याकडे येऊन "भाऊ, फक्त तार जोडून द्या" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो.

तर संपादक साहेब, तुमच्या शेतीच्या पानावर पुढच्या वेळी फुटाचा भाव छापाल तेव्हा त्याच्या बाजूला खांबाचं वजनही छापा, 8 फुटी 40-5 म्हणजे 7 किलो 300, 50-6 म्हणजे 11 किलो, एवढे दोन आकडे पुरे. माझ्या दुकानात काटा आहे, आजूबाजूच्या गावातल्या कुणाला आपला खांब तोलून बघायचा असेल तर खुशाल घेऊन या, पैसे घेत नाही. फक्त सकाळी दहाच्या आत या, नंतर वेल्डिंग सुरू झालं की मी काच डोळ्यावरून काढत नाही.

आपला नियमित वाचक,
एक फॅब्रिकेशनवाला, जि. वर्धा